पाया कच्चा, की पायरी उंच?

२८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन. सी. व्ही. रामन यांच्या १९२८ सालच्या शोधाची आठवण म्हणून १९८७ पासून आपण तो शाळा-महाविद्यालयांतून साजरा करतो. २०२४ सालच्या विज्ञान दिनी वर्धा जिल्ह्यातील देवळी या गावाच्या दृष्टीने आणखी एक महत्त्वाची गोष्ट घडली. वर्धा-यवतमाळ-नांदेड या नव्या रेल्वेमार्गापैकी वर्धा ते कळंब या टप्प्याचे त्या दिवशी उद्घाटन झाले आणि इतकी वर्षे एस.टी.वर अवलंबून असलेले देवळी रेल्वेने वर्ध्याला जोडले गेले.

देवळी हे तालुक्याचे गाव. भोवताली कापूस, तूर, सोयाबीन पिकवणारी खेडी. वर्धा येथून जेमतेम १७-१८ किलोमीटर. भिडी, अंदोरी, गिरोली, विजयगोपाल अशा गावांतल्या मुलामुलींना दहावीनंतर पुढे शिकायचे तर देवळी, पुलगाव किंवा वर्धा गाठावे लागते. यांतल्या अनेकांच्या घरात महाविद्यालयात जाणारे हेच पहिले. रस्ता झाला, पास मिळाला, शिष्यवृत्ती आली, आता रेल्वेही आली. महाविद्यालयाचे दार दरवर्षी थोडे थोडे जवळ येत आहे, ही निःसंशय आनंदाची गोष्ट आहे.

परंतु त्या दारातून आत गेल्यावर, तासाची घंटा झाल्यावर, वर्गात या मुलांचे काय होते? या लेखात आम्हाला विचार करायचा आहे तो एवढ्याच प्रश्नाचा. आमचे म्हणणे आधीच सांगून टाकतो. महाविद्यालयातील समन्यायाची चर्चा आपण प्रवेश, शुल्क आणि वसतिगृह यांच्यापाशी थांबवतो. प्रत्यक्ष शिकवण्याला ती क्वचितच लागू करतो. आणि शिकवण्यातली उणीव विद्यार्थ्याच्या नावावर टाकून मोकळे होतो.

एक नेहमीचे वाक्य

कोणत्याही महाविद्यालयाच्या शिक्षक-कक्षात चाचणीचे पेपर तपासून झाले की एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘‘खेड्यातली पोरं, पायाच कच्चा आहे, आपण काय करणार?’’ हे वाक्य आम्हीही अनेकदा उच्चारले आहे. म्हणून ते तपासून पाहण्याचा पहिला अधिकार आणि पहिली जबाबदारी आमचीच आहे.

अकरावी विज्ञानशाखेच्या किंवा पदवीच्या पहिल्या वर्षाच्या भौतिकशास्त्रात एक साधे उदाहरण असते. एक मोटार ‘स्टार्ट्स फ्रॉम रेस्ट’ आणि २ मीटर प्रति सेकंद वर्ग इतक्या एकसमान त्वरणाने जाते. ५ सेकंदांत ती किती अंतर कापील? मराठी माध्यमातून आलेल्या एका मुलाने आमच्या वर्गात हे उदाहरण कोरे सोडले. विचारले तेव्हा म्हणाला, ‘‘सर, सुरुवातीचा वेग दिलाच नाही.’’ ‘रेस्ट’ म्हणजे आराम एवढे त्याला ठाऊक होते. मोटारीने आराम केला याचा गणिताशी संबंध काय, हे मात्र त्याला कळेना. ‘सुरुवातीचा वेग शून्य’ असे आम्ही फळ्यावर लिहिताच त्याने नववीत शिकलेले समीकरण मांडले आणि २५ मीटर हे उत्तर काढून दाखवले.

आता सांगा, या मुलाचा भौतिकशास्त्राचा पाया कच्चा होता काय? सुरुवातीच्या वेगाशिवाय उत्तर काढता येणार नाही, हे त्याने नेमके ओळखले होते. म्हणजे शास्त्र त्याला कळत होते. अडला तो दोन शब्दांपाशी. पण उत्तरपत्रिकेत त्याला शून्य मिळाले, आणि ते शून्य त्याच्या भौतिकशास्त्राच्या नावावर जमा झाले.

हा प्रकार केवळ पारिभाषिक शब्दांचा नाही. त्वरण म्हणजे ‘ॲक्सिलरेशन’ आणि संवेग म्हणजे ‘मोमेंटम’ हे मुले चार दिवसांत पाठ करतात, कारण ते शब्द आपण शिकवतो. अडतात ती ‘रिस्पेक्टिव्हली’, ‘नेग्लिजिबल’, ‘अनलेस’, ‘टेंड्स टू’ अशा शब्दांपाशी. हे शब्द कोणी शिकवत नाही, कारण ते इंग्रजीचे शिक्षक शिकवतील असे विज्ञानाचे शिक्षक समजतात, आणि ते विज्ञानाचे आहेत असे इंग्रजीचे शिक्षक समजतात. शिवाय एकच शब्द तासागणिक रूप बदलतो. ‘बेस’ हा शब्द त्रिकोणात पाया असतो, तर रसायनशास्त्राच्या तासाला आम्लारी होऊन बसतो. ‘पाया कच्चा’ म्हणणाऱ्यांनी आधी आपण कोणत्या ‘बेस’विषयी बोलत आहोत हे मुलांना सांगितले पाहिजे!

ब्रिटनमध्ये कॅसल्स आणि जॉनस्टन यांनी याच प्रश्नाचा अभ्यास करून १९८५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. तिथल्या मुलांची मातृभाषाच इंग्रजी. तरीही रोजच्या वापरातले, पण विज्ञानात वेगळ्या नेमक्या अर्थाने येणारे शब्द त्यांना चकवतात असे आढळले. ‘व्होलाटाइल’ म्हणजे लवकर बाष्प होणारा. अनेक मुले मात्र त्याचा अर्थ स्फोटक किंवा अस्थिर असा घेत होती. ज्यांची भाषाच ती आहे त्यांची ही अवस्था, तर देवळीच्या मुलांनी पहिल्याच महिन्यात अडखळू नये ही अपेक्षा कितपत शास्त्रीय आहे?

येथे स्मृतीच्या मर्यादेचाही विचार करायला हवा. एका वेळी मनात धरून ठेवून ज्यांच्यावर विचार करता येतो अशा गोष्टींची संख्या फार थोडी असते, हे मानसशास्त्राला चांगले ठाऊक आहे. उदाहरण वाचणाऱ्या मुलाची यातली काही जागा भाषांतरातच अडकली, तर विचारासाठी उरते किती? तो मंद नसतो. तो एकाच वेळी दोन कामे करत असतो, आणि गुण मात्र एकाच कामाला मिळतात.

दार कोणी उघडले?

या प्रश्नाला आपल्याकडे मोठा इतिहास आहे. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा फुले यांनी सरकारला स्पष्ट बजावले, की महसूल येतो शेतकऱ्याच्या घामातून आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. त्यांची टीका पैशांविषयी होती, तशीच शिक्षण कोणासाठी याविषयीही होती.

पुढे ही दारे हळूहळू उघडू लागली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, तेव्हा नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी तास सकाळी ठेवले. १९४७ साली कर्मवीर भाऊराव पाटील यांनी साताऱ्यास छत्रपती शिवाजी महाविद्यालय काढले आणि ‘कमवा आणि शिका’ या मार्गाने गरीब मुलांची सोय केली. १९५० साली औरंगाबादला (आजचे छत्रपती संभाजीनगर) पुढे मिलिंद या नावाने ओळखले गेलेले महाविद्यालय उभे राहिले. या तिन्ही ठिकाणी एक गोष्ट समान दिसते. विद्यार्थ्याला संस्थेच्या साच्यात बसवण्याऐवजी संस्थेने विद्यार्थ्याच्या आयुष्याप्रमाणे आपले वेळापत्रक आणि आपली व्यवस्था बदलली. मुलगा दिवसा कामाला जातो ना? मग कॉलेज सकाळी भरेल. घरी पैसे नाहीत ना? मग तो कमावता कमावता शिकेल. ‘दिवसा यायला जमत नाही म्हणजे तुझी लायकीच नाही’, असे तेथे कोणी म्हटले नाही.

आमचा आक्षेप आहे तो यानंतरच्या काळावर. वेळापत्रक बदलले, शुल्क माफ झाले, वसतिगृहे निघाली. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले, हेही याच वाटेवरचे पुढचे पाऊल. पण प्रत्यक्ष तास, म्हणजे शिक्षक, फळा आणि समोरचा वर्ग यांच्यातला व्यवहार, पूर्वी निवडक मुलांसाठी जसा होता जवळपास तसाच राहिला.

वर्ध्याचे अपुरे काम

देवळीच्या शेजारीच, वर्ध्यात, २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिच्यात ठरावांद्वारे सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेचे माध्यम आणि उत्पादक हस्तोद्योगाभोवतीचे शिक्षण ही तत्त्वे मांडली गेली. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने त्यांवरून अभ्यासक्रमाची आखणी केली. हीच वर्धा योजना किंवा नई तालीम. शिक्षणाच्या इतिहासात वर्ध्याचे नाव त्यामुळे अजरामर झाले आहे.

आदर बाळगूनही या योजनेवर एक टीका करणे आम्हाला आवश्यक वाटते. तिची नजर मुख्यतः ७ ते १४ या वयावर होती. उच्च शिक्षण राष्ट्राच्या गरजांशी जोडावे आणि अभियंत्यांच्या शिक्षणाचा खर्च त्यांची गरज असणाऱ्या उद्योगांनी उचलावा, असे गांधीजींनी त्याच वर्षी लिहिले होते. पण मातृभाषेत शिकलेल्या मुलाने पुढे इंग्रजीतून चालणाऱ्या महाविद्यालयात कसे उतरायचे, त्या पुलाची आखणी योजनेत नव्हती. आणि नंतरच्या आपण सर्वांनी ती केली नाही, हा दोष योजनेपेक्षा आपला अधिक आहे. दहावीपर्यंत मराठी आणि जूनमध्ये एकदम इंग्रजी! ज्या जिल्ह्याने देशाला मातृभाषेतून शिक्षणाचा विचार दिला, त्याच जिल्ह्यातली मुले आज या उंच पायरीला ठेचकाळतात.

यावर दोन उपाय सुचवले जातात. पहिला, शाळेतच ‘सेमी इंग्रजी’. दुसरा, उच्च शिक्षणच मराठीतून. २०२१ पासून पिंपरी-चिंचवड येथील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक अभियांत्रिकीचे शिक्षण मराठीतून देण्यास सुरुवात झाली, हा स्वागतार्ह प्रयोग आहे. पण दोन्ही उपायांत एक समान त्रुटी आहे. पहिल्यात ओझे शाळेतल्या मुलावर जाते आणि दुसऱ्यात मोजक्या मुलांसाठी वेगळी वाट निघते. आज, या तासाला, देवळीच्या वर्गात बसलेल्या मुलीसाठी आजचा शिक्षक काय करणार, या प्रश्नाला दोन्ही उपाय बगल देतात. या मुलींना इंग्रजी नको आहे असेही नाही. नोकरीसाठी ते हवे हे त्यांना आपल्यापेक्षा अधिक कळते. त्यांना हवा आहे तो चढण्याजोगा जिना.

उपचार कोणावर?

महाविद्यालयांचा ठरलेला उपाय म्हणजे ‘उपचारात्मक वर्ग’. या नावातच रोगनिदान आहे : रोगी विद्यार्थी, वैद्य शिक्षक. मूळ तास निरोगी आहे हे गृहीतच धरलेले.

हे गृहीत कसे फसू शकते याचे एक प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील आहे. १९७० च्या दशकात बर्कले येथील विद्यापीठात कृष्णवर्णीय विद्यार्थी कलनशास्त्रात मोठ्या प्रमाणावर नापास होत असत. उरी ट्राइसमन या तरुण शिक्षकाने आपल्या सहकाऱ्यांना कारणे विचारली. उत्तरे आली ती अशी : मुलांना गोडी नाही, पूर्वतयारी कमी, घरून पाठबळ नाही, गरिबी. म्हणजे आपल्या शिक्षक-कक्षातलीच वाक्ये! ट्राइसमन यांनी २० कृष्णवर्णीय आणि २० चिनी वंशाच्या विद्यार्थ्यांचे सुमारे १८ महिने बारकाईने निरीक्षण केले. ते अभ्यास कसा करतात, कोठे करतात, कोणाबरोबर करतात हे पाहिले. चारही कारणे टिकली नाहीत. कृष्णवर्णीय विद्यार्थी मन लावून, आठवड्याला शिक्षकांनी सांगितले तेवढे तास अभ्यास करत होते. पण एकट्याने. चिनी विद्यार्थी मात्र एकट्याने अभ्यास झाल्यावर एकत्र जमत, उत्तरे ताडून पाहत, एकमेकांच्या चुका काढत आणि कोणता प्रश्न खरोखरच अवघड आहे हे त्यांना त्यातून कळे. एकट्या मुलाला मात्र प्रत्येक अडचण ही आपलीच कमतरता वाटत राही.

यावरून ट्राइसमन यांनी जे केले ते लक्षात घेण्यासारखे आहे. त्यांनी उपचारात्मक वर्ग काढले नाहीत. उलट नेहमीपेक्षा कठीण उदाहरणे देऊन मुलांना गटात बसवले, आणि हा मान असलेला, वरच्या दर्जाचा कार्यक्रम आहे असे सांगितले. मुलांचे निकाल लक्षणीय सुधारले.

बर्कलेचे उदाहरण देवळीला जसेच्या तसे लागू करता येणार नाही, हे आम्ही मान्य करतो. त्या मुलांना भाषेची भिंत नव्हती आणि निरीक्षणातील मुलांची संख्याही लहान होती. पण त्यातली शिस्त घेण्यासारखी आहे. शिक्षकांनी आपले मत हे निदान समजू नये. आधी जाऊन पाहावे. आपल्याकडे शेवटची एस.टी. किंवा गाडी गाठण्यासाठी तास संपताच निघावे लागणाऱ्या मुलांना एकत्र अभ्यासाची संधी कधी मिळते? वर्ध्यात राहणारी मुले संध्याकाळी शिकवणीला भेटतात, तेव्हा भिडीची मुलगी घरच्या वाटेवर असते. तिचा एकटेपणा वेळापत्रकातून आलेला आहे.

तासाच्या आत

आता वर्गाच्या आत डोकावू. शिक्षक प्रश्न विचारतो. उत्तरासाठी किती वेळ थांबतो? मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने वर्गांतील ध्वनिफिती मोजून पाहिल्या, आणि सरासरी १ सेकंद हे उत्तर आले! त्याहून बोलके निरीक्षण पुढे आहे. शिक्षकांना जी मुले हुशार वाटत त्यांच्यासाठी ते जवळपास २ सेकंद थांबत आणि जी कच्ची वाटत त्यांच्यासाठी १ सेकंदाहून किंचित कमी. ज्याला जास्त वेळ हवा त्यालाच कमी वेळ. शिक्षक ३ सेकंद थांबायला शिकले तेव्हा उत्तरे लांब व अधिक विचारपूर्ण होऊ लागली, गप्प राहणे कमी झाले आणि ‘कच्ची’ मुलेही बोलू लागली. हे निष्कर्ष शाळांतले आहेत. पण इंग्रजीत ऐकून, मराठीत विचार करून, पुन्हा इंग्रजीत उत्तर जुळवणाऱ्या महाविद्यालयीन मुलाला एका सेकंदात काय जमणार?

आमच्याकडची मुले हे स्वतःच सांगतात. ‘‘समजून राहिलं सर, पण सांगता नाही येऊन राहिलं.’’ या वाक्यावर वर्गात हशा पिकतो, कधी कधी शिक्षकही हसतो. वऱ्हाडी बोलीला हसणारा वर्ग त्या मुलाला पुढचे तीन वर्षे मुके करतो. इंग्रजीची पायरी चढण्याआधी पुस्तकी मराठीचीही एक पायरी असते, हे पुण्या-मुंबईच्या भाषेत शिकवणाऱ्यांच्या लक्षातही येत नाही.

प्रयोगशाळेत चारांचा गट. तारा जोडणार मुलगा, वाचने लिहिणार मुलगी, कारण ‘तिचे अक्षर चांगले’. वर्षअखेरीस तिची जर्नल सुंदर असते आणि तिने एकदाही मंडल जोडलेले नसते.

आणि एक गोष्ट सांगताना आम्हाला संकोच वाटतो, तरी सांगतो. शिष्यवृत्तीचे अर्ज आले की भर वर्गात ‘‘शिष्यवृत्तीवाले उभे राहा’’ असे आम्ही स्वतः म्हटले आहे. काम लवकर उरकावे एवढाच हेतू होता. पण त्या एका वाक्याने आम्ही साऱ्या वर्गाला कोण कोणत्या जातीचा हे दाखवून दिले. एक मुलगा उभा राहिला नाही. त्याने अर्जच भरला नाही. का, हे आम्ही त्याला विचारायलाही गेलो नाही.

हे वैयक्तिक अनुभव म्हणून सोडून देता येत नाहीत. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील परिस्थितीची चौकशी करणाऱ्या समितीने २००७ साली अहवाल दिला. डॉ. सुखदेव थोरात, म्हणजे मिलिंद महाविद्यालयाचेच माजी विद्यार्थी, समितीचे अध्यक्ष होते. शिक्षकांकडून पुरेसा वेळ व आधार न मिळणे, प्रात्यक्षिक व तोंडी परीक्षेतला दुजाभाव आणि वसतिगृहातील एकटेपणा या तक्रारी त्या अहवालात नोंदल्या आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ साली समन्यायासाठी नियम केले. त्यांत समान संधी कक्ष आणि भेदभाव-विरोधी अधिकारी यांची तरतूद केली. अपमान आणि छळ रोखण्यासाठी अशा नियमांची गरज आहेच. परंतु एका सेकंदाची वाट, वऱ्हाडीवरचा हशा, तारा जोडायला न मिळणे यांची तक्रार कोणत्या कक्षात करायची? यांवर अधिकारी नेमून भागत नाही. येथे शिक्षकालाच बदलावे लागते.

‘आम्ही सर्वांना सारखेच शिकवतो’

यावर अनेक प्रामाणिक शिक्षकांचे उत्तर असते, ‘‘आम्ही कोणाची जात-गाव पाहत नाही, सर्वांना सारखेच शिकवतो.’’ देवळी भागातला शेतकरी हे ऐकून हसेल. काळ्या भारी जमिनीत ओल टिकते, तेथे पाण्याची पाळी उशिरा दिली तरी चालते. मुरमाड हलक्या जमिनीला ती लवकर लवकर द्यावी लागते. दोन्हींना एकाच दिवशी, एकसारखे पाणी देणाऱ्याला आपण निःपक्षपाती म्हणत नाही, शेती न कळणारा म्हणतो. मात्र ही उपमा येथेच थांबवायला हवी. जमीन हलकी असते, मुले हलकी नसतात. त्यांच्यापर्यंत आजवर पोचलेले पाणी कमी-जास्त असते, एवढेच.

दुसरा आक्षेप दर्जाचा. गटचर्चा, थांबणे, मराठीत समजावणे यांमुळे पातळी घसरेल, अशी भीती असते. याबाबत आता भरपूर पुरावा उपलब्ध आहे. २०१४ साली फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी महाविद्यालयीन विज्ञान, अभियांत्रिकी व गणिताच्या अध्यापनाचे २२५ अभ्यास एकत्र तपासले. केवळ व्याख्यान असलेल्या वर्गांत नापासांचे प्रमाण सरासरी ३३.८ टक्के होते. विद्यार्थ्यांना वर्गातच विचार करायला, सोडवायला, बोलायला लावणाऱ्या वर्गांत ते २१.८ टक्के होते. २०२० साली थिओबाल्ड आणि सहकाऱ्यांनी पुढचा प्रश्न विचारला : याचा फायदा कोणाला जास्त? उत्तर आले, वंचित गटांतील विद्यार्थ्यांना. त्यांच्यातील आणि इतरांमधील परीक्षेच्या गुणांची दरी सरासरी ३३ टक्क्यांनी आणि उत्तीर्ण होण्याची दरी ४५ टक्क्यांनी कमी झाली. पण एक सावधगिरीची सूचना त्यातच आहे. तासाचा थोडासा वेळ देऊन तोंडदेखले प्रयोग केले तेथे दरी फारशी कमी झाली नाही.

आपल्या महाराष्ट्रातही पुरावा आहे. १९७४ साली स्थापन झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात प्रा. व. गो. कुलकर्णी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईच्या महापालिका शाळांतील दलित विद्यार्थ्यांबरोबर काम केले. विज्ञान शिकण्यात भाषा हा मोठा अडथळा आहे आणि तो दूर केला तर हीच मुले उत्तम प्रगती करतात, असे त्या कामातून पुढे आले. महाविद्यालयांनी ते शाळेचे काम म्हणून बाजूला ठेवले.

करता येण्याजोगे

वर्गात शंभरावर मुले, अभ्यासक्रम संपवण्याची घाई, रिक्त पदे आणि तासिका तत्त्वावर राबणारे शिक्षक, या अडचणी खऱ्या आहेत. शासनाने पदे भरावीत ही मागणी केलीच पाहिजे. तरीही काही गोष्टींना ना पैसा लागतो, ना परवानगी.

एक, सत्राच्या पहिल्या पंधरवड्यात पाठ्यपुस्तकाची दोन पाने मुलांना द्या आणि अडणारे शब्द अधोरेखित करायला सांगा. पारिभाषिक शब्द सोडून जे उरतील त्यांची यादी भिंतीवर लावा. दोन, प्रश्न विचारून मनात पाचपर्यंत मोजा. शेजाऱ्याशी मराठीत, वऱ्हाडीत बोलू द्या आणि मग उत्तर मागा. तीन, एकत्र सोडवायची कठीण उदाहरणे तासाच्या वेळेतच द्या, कारण नंतर गावाची मुले निघून जातात. चार, प्रयोगशाळेत कामे पाळीपाळीने बदला आणि कोणी काय केले याची नोंद जर्नलमध्ये असू द्या. पाच, शिष्यवृत्तीची सूचना फलकावर लावा आणि अर्ज कार्यालयातच घ्या.

यापूर्वी मात्र एक छोटे निरीक्षण करून पाहा. वर्गातील बाकांचा नकाशा कागदावर काढा आणि एखाद्या सहकाऱ्याला आठवडाभर मागे बसवा. आपण प्रश्न कोणाला विचारला तेथे त्याने खूण करायची आणि किती सेकंद थांबलो ते घड्याळ लावून लिहायचे. वरच्या वर्गातील विद्यार्थीही हे काम उत्तम करतात. आम्ही हे केले तेव्हा आमच्या नकाशातील बहुतेक खुणा पुढच्या दोन बाकांवर आढळल्या. मागची मुले बोलत नाहीत अशी आमची समजूत होती. आम्ही त्यांना विचारलेच नव्हते.

देवळीहून सुटणारी गाडी या मुलांना वर्ध्यापर्यंत आणून सोडील. तेथून फळ्यापर्यंतचे शेवटचे वीस फूट आपल्या ताब्यात आहेत. शिक्षकमित्रांनी हे निरीक्षण आपापल्या वर्गात करावे आणि आपला नकाशा, तो कसाही आला तरी, आम्हाला जरूर कळवावा.